कोरी बाटली

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा सिंधूनं नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं. पलीकडे टाकळखारची मैनाबाई होती. ती रडत नव्हती. म्हणूनच सिंधूनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"बाई, आमचा बुढा कालपासून घरी नाही आला. नदीवर पोलीस आले. तुमची पेटी सापडली. चपला सापडल्या."

"आणि नत्थुजी?"

"थेच तर इचारून राहिली मी तुमाले."

सिंधूनं गॅस बंद केला. चहापत्ती टाकलेलं पाणी तसंच राहिलं. पहिली बस पावणेसातला होती आणि अमरावतीहून भातकुलीमार्गे टाकळखारला पोचायला तास लागायचा. तो तासभर ती खिडकीच्या गजाला धरून बसली, जणू बस तिच्याच जोरावर चालली होती.

नत्थुजी म्हणजे पासष्टीचा, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. एकोणीस वर्षं झाली, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो पूर्णेचं पाणी बाटल्यांत भरून अमरावतीच्या महाविद्यालयात पाठवायचा. तिथं गोपाळकृष्ण सर त्यात शिसं, जस्त, कॅडमियम शोधायचे. आणि सिंधू त्या बाटल्या धुवायची. प्रयोगशाळेतली बाई, दहावी नापास. पण पंधरा वर्षं बाटल्या धुता धुता तिला त्यांच्यात काय भरतात आणि काहून भरतात हे पाठ झालं होतं. शिकवलं कोणीच नव्हतं. कोणी हाकललंही नव्हतं.

सतरा वर्षं काही सापडलं नाही. आलेखातली शिशाची रेघ भातकुलीच्या सडकेसारखी सपाट. मग बावीस महिन्यांपूर्वी ती एकदम चढली, आणि चढलेलीच राहिली.

तेव्हापासून टाकळखार घाबरलेलं होतं. नदीकाठच्या विहिरीला कुलूप लागलं. टँकर आला. पोरांना ओळीनं उभं करून रक्त काढलं. खारपाणपट्ट्यातलं गाव, खारट पाणी पिढ्यान् पिढ्या प्यायलेलं, त्याची भीती कधी कोणाला नव्हती. पण शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस किती भितो, हे सिंधूनं त्या गावात पाहिलं. ती स्वतःही भ्यायली होती. बावीस महिन्यांत तिनं मैनाबाईच्या घरी चहा घेतला नव्हता. दर वेळी नवा बहाणा.

दोष कोणाचा हे गावानं ठरवून टाकलं होतं. चार किलोमीटर वर, नाल्याकाठी, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायची शेड होती. मालक अकोल्याचा, पुष्कर नावाचा. परवा शुक्रवारी शासनाचं पथक तपासणीला येणार होतं.

आणि आज बुधवार. नत्थुजी नाही.

*

नदीच्या उतारावर बाभळीखाली नेहमीसारखे चपलांचे जोड पडले होते. फौजदार तायडेंचे पोलिसी बूटही त्यांतच होते. सिंधूनं आपली चप्पल काढली आणि चाळीसेक पावलं खाली, काठावरच्या दगडापाशी गेली.

तो दगड सरांनी पहिल्या वर्षी पुरलेला. पाण्याची पातळी मोजायला त्यावर पांढऱ्या रेघा, आणि वर रंगवलेला मोठा तीनचा आकडा. पुढं एका पुरात पाणी नेमकं त्या आकड्याशी येऊन थांबलं, गाव वाचलं. गावानं त्याला हात जोडले. आता तो शेंदरानं माखलेला होता, आकडा चाचपून शोधावा लागायचा, आणि गाव त्याला तिनोबा म्हणायचं. सिंधूला याची गंमत वाटायची. आज वाटली नाही.

दगडाला अगदी चिकटून नत्थुजीच्या चपला होत्या. जोडीनं, नीट, टाचा दगडाकडे. शेजारी तिची निळी पेटी.

"तुमीच सिंधूबाई?" तायडे तरुण होते, आवाज मात्र थकलेला. "पेटी उघडून सांगा, काही कमी-जास्त आहे का. माणसं पाण्यात उतरली आहेत. अजून काही लागलं नाही."

पाण्यात दोघं जण लांब बांबूनं तळ चाचपत होते. बांबू कशाला तरी अडकला की काठावरचे सगळे श्वास धरायचे. दोनदा अडकला. दोनदा झाडाची मुळं निघाली. सिंधूनं तिकडं पाठ केली आणि पेटी उघडली.

तापमापक. वही. वहीत कालची तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, पाणी एकोणीस अंश. नत्थुजीचं गोलगोल अक्षर. तीन बाटल्या, भरलेल्या, झाकणं घट्ट.

ती पेटीत बघत राहिली. मग सगळं बाहेर काढून पेटी उलटी करून पाहिली, जशी बाई रिकामा डबा उलटा करते.

"काय झालं?"

"काही नाही साहेब," ती म्हणाली. कारण नक्की काय झालं हे तिला सांगता येईना. काहीतरी दोन गोष्टी चुकीच्या होत्या. एक पेटीत. दुसरी, डोळ्यांसमोर.

तिचा फोन वाजला. गोपाळकृष्ण सर.

"सिंधूबाई, भयंकर झालं हो. मला आत्ताच कळलं. मी शुक्रवारी पथकाबरोबर येतोच. तुम्ही एवढं करा, तिन्ही बाटल्या सांभाळून आणा. शेवटचे नमुने आहेत त्याचे."

"आणते सर."

वर सडकेवर आरडाओरडा झाला. पुष्करला जीपमधून आणलं होतं. पस्तिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाचा खिसा फाटलेला. कोणीतरी फाडलेला. जमावातून एक ढेकूळ आलं आणि जीपच्या पत्र्यावर फुटलं. "शेड जाळा त्याची!" तायडेंनी वर येऊन त्याला बाभळीखाली बसवलं; पेटी घेऊन सिंधूही वर आली.

"नत्थुजीला कधी भेटलात शेवटी?"

"सोमवारी. तोच आला होता शेडवर."

"काहून?"

"म्हणाला, साहेब, तुमच्या नाल्याचं पाणी एकदा भरून द्या, सरांना मी नेऊन देतो. त्याच्या मनात काहीतरी होतं. बोलला नाही."

"म्हणजे त्यानं तुमाले धमकावलं? आणि तुमी..."

"अहो, उलटं!" पुष्करचा आवाज फाटला. "मीच सरांना तीनदा म्हटलं, माझ्या शेडखालचं पाणी तपासा, एकदाच तपासा. लेखी दिलं. ते म्हणाले, गरज नाही. आता हा माणूस गेला, आणि मी... माझ्या घरी दोन मुली आहेत साहेब. शेडच्या आवारातच राहतो आम्ही."

तायडेंनी वर जमावाकडे पाहिलं. मग सिंधूकडे. त्यांनाही भीती वाटत होती, हे सिंधूला तेव्हा दिसलं. गाव पेटलं तर त्यांच्याकडे चार शिपाई होते.

*

मैनाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर चार वर्षांची नात, आकांक्षा, झोपलेली.

"थे पाण्यात जाणार नाही," मैनाबाई म्हणाली. "भांडून गेला असता तर म्हटलं असतं. भांडायले तोंड तर पायजे! चाळीस वर्षांत माह्याशी भांडला नाही मेला."

"काल निघताना काय बोलले?"

"काही नाही. चहा पेला, पेटी घेतली, शेंदराची डबी घेतली."

"शेंदराची?"

"तिनोबाले लावते न. आदी देव, मंग तुमचं पानी. ह्या पोरीले ताप भरला होता पाहा, डोक्यात गेल्ता. डॉक्टरनं हात टेकले. तवा नवस बोलला बुढा. पोरगी उठली. तवापासून एक खेप चुकली नाही. तेलात कालवून दोन बोटांनी लावते."

"कधीची गोष्ट ही, मैनाबाई?"

मैनाबाईनं बोटं मोजली. "पोरगी दोन वर्षांची झाली अन् ताप आला. दोन वर्षं होतील आता माघात."

सिंधू उठली. तिला उभं राहावंसं वाटलं, का ते कळलं नाही. समोरच्या भिंतीवर चुन्यात एक गोल फिकट डाग होता, वर रिकामा खिळा.

"इथं काय असते?"

"खंजिरी त्याची. भजनाची." मैनाबाईनं पाहिलं आणि नातीला जवळ ओढलं. "परवा तं होती. कोनाले देली असंन?"

"पाणी पेता का बाई? नाही, तुमी नाही पेणार," मैनाबाई पुढं म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. सिंधूला तो टोमण्यापेक्षा जास्त लागला.

*

दुपारी तीनला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. सिंधूनं तिन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसली.

तिनं सोमवारी पेटीत चार ठेवल्या होत्या. म्हणजे तीन रिकाम्या, आणि एक कोरी.

कोरी बाटली ही तिची लाडकी. तिच्यात शुद्ध, यंत्रातून काढलेलं पाणी असायचं. ती पेटीतून नदीवर जायची. नत्थुजी तिचं झाकण बाकीच्यांबरोबर उघडायचा, बाकीच्यांबरोबर लावायचा, आणि ती परत यायची. नदीचा थेंब तिच्यात जायचा नाही. मग तिच्यात काही सापडलं, तर ते नदीतलं नाही. हातातलं, हवेतलं, बाटलीतलं. फार वर्षांपूर्वी सरांनीच एकदा खुशीत असताना समजावलं होतं, "सिंधूबाई, ही आपली साक्षीदार."

साक्षीदार पेटीत नव्हती.

मग तिनं तिसरी बाटली उचलून उजेडात धरली. गळ्याशी, झाकणाच्या जरा खाली, नारिंगी बोटाचा ठसा. तिला तो ओळखीचा होता. दोन वर्षं ती घासत आली होती. पेटीच्या कडीचा गंज म्हणून. तिच्या मोरीच्या कडेलाही तसाच नारिंगी वेढा बसलेला, कितीही घासा.

तिनं बोट लावलं. गंज खरखरीत असतो. हे तेलकट होतं.

ती साठवणीच्या खोलीत गेली. मागच्या सहा महिन्यांच्या कोऱ्या बाटल्या तिथं खालच्या फळीवर असायच्या, तिनंच ओळीनं लावलेल्या. फळी रिकामी होती. पुसलेली. ओल्या फडक्याचा माग अजून वाळायचा होता.

या खोलीच्या किल्ल्या दोनच.

"काय शोधताय?"

सर दारात उभे होते. नेहमीचा इस्त्रीचा शर्ट, चकचकीत तपकिरी बूट, नेहमीचं मऊ हसू. पायांचा आवाज तिला आलाच नव्हता.

"सर, कोऱ्या बाटल्या..."

"त्या होय? आपण ते केव्हाच बंद केलं ना? दोन वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही. मी दर महिन्याला भरते."

"मग राहून गेलं असेल सांगायचं." ते आत आले. खोली लहान होती. "सिंधूबाई, परवा पथक येईल. ते विचारतील, बाटल्या कोण धुतं. नत्थुजी तर गेला बिचारा. आता उरलात तुम्ही. तुम्ही काही कोरं-बिरं बोलायला जाल, आणि त्यांना वाटेल शिसं तुमच्याच मोरीतून आलं. नोकरीची चार वर्षं राहिली ना तुमची?"

"हो सर."

"मग काळजी घ्या."

ते गेले. सिंधू फळीला धरून उभी राहिली. ती मनात मोजत राहिली, एक ते शंभर. पंचाऐंशीला थांबली. नत्थुजी तर गेला बिचारा. नदीत अजून कोणी सापडलं नव्हतं. पोलीसही अजून "बेपत्ता"च म्हणत होते.

*

गुरुवारी ती अकोल्याला गेली. मैथिली तिला बसस्थानकाच्या उपाहारगृहात भेटली. वर्षापूर्वीपर्यंत सरांचं शिसं मोजायचं यंत्र हीच चालवायची; मग अचानक सोडून इथं एका खासगी प्रयोगशाळेत लागली. लग्न ठरलं, असं सांगून गेली होती. गळ्यात अजून काही नव्हतं.

"सिंधूताई, तुम्ही एकट्याच आलात ना?" तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"एकटीच. मले एकच सांग. कोऱ्या बाटलीचे आकडे तू घ्यायची का?"

मैथिलीनं चहाचा कप खाली ठेवला. "दर महिन्याला."

"काय यायचं?"

"शिसं. नदीच्या नमुन्याइतकंच शिसं. दहा महिने लागोपाठ. मी सरांना म्हटलं, सर, हे नदीतलं नाही, हाताळण्यात चूक आहे. ते म्हणाले, ते पान वेगळं ठेव, मी बघतो. अहवालात ते पान नव्हतं. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, तुझा प्रबंध कोणाच्या सहीनं पूर्ण होणार आहे, मैथिली?"

"म्हणून सोडलं?"

"म्हणून पळाले." ती खाली मान घालून बसली. "तिकडं पोरांची रक्तं काढत होते, आणि मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही ताई. मला भीती वाटली."

"मलेही वाटते. चहा पी. आकडे आहेत तुझ्याकडे?"

मैथिलीनं पर्समधून पातळ वही काढली. तिनं ती जपून ठेवली होती, आणि आज न विचारता बरोबरही आणली होती. सिंधूला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. बसस्थानकावर ते जमेना, म्हणून तिनं तिच्यासाठी एक कचोरी मागवली.

"एक राहिलं. पोरांच्या रक्ताचं पुढं काय झालं?"

"सगळं नॉर्मल आलं होतं. सर म्हणाले, परिणाम दिसायला वेळ लागतो."

परतीच्या बसमध्ये बाळापूरकडून आलेलं एक भजनी मंडळ चढलं. पेट्या, टाळ, मांडीवर खंजिऱ्या. "कुठं निघाले?" शेजारणीनं विचारलं. "मोझरीले," म्हातारा म्हणाला. "गुरुकुंज आश्रमात. तठी जागा भेटते, जेवन भेटते, कोनी नाव इचारत नाही."

सिंधूनं त्याच्या मांडीवरच्या खंजिरीकडे पाहिलं. मग फोन काढला आणि फौजदार तायडेंचा नंबर शोधला. तिसऱ्यांदा लागला.

*

शुक्रवारी दहा वाजता नदीवर अर्धं गाव जमलं होतं. पथक यायला तासभर होता. वरच्या सडकेवर कोणाच्या तरी हातात रॉकेलचा डबा होता. तो लपवायचा प्रयत्नही कोणी करत नव्हतं.

तायडेंनी सिंधूनं सांगितलं तसंच केलं. सगळ्यांना खाली दगडापाशी बोलावलं, आणि स्वतः काही न बोलता बघत राहिले.

मैनाबाई आली, चप्पल बाभळीखाली. सरपंच आले, चप्पल बाभळीखाली. पुष्करला शिपायानं दंडाला धरून आणलं. तोही बाभळीपाशी थांबला, वाकला, बुटाच्या नाड्या सोडल्या. मैथिलीनं सँडल काढल्या.

गोपाळकृष्ण सर गाडीतून उतरले आणि थेट उतार उतरून दगडापाशी आले. खिशातून पेन काढून त्यांनी पाण्याच्या रेघेवर टेकवलं. "अडीच फूट," ते स्वतःशी म्हणाले.

मग मैनाबाई म्हणाली, "सर, बूट."

सरांनी खाली पाहिलं. तपकिरी बूट, चिखलानं माखलेले, तिनोबाच्या पायाशी.

"हा मोजपट्टीचा दगड आहे, बाई. मी स्वतः पुरलाय."

"तेच," सिंधू म्हणाली. आवाज तिचा तिलाच लहान वाटला. ती घसा खाकरून पुन्हा बोलली. "तेच सर. या गावात एकच माणूस या दगडाला दगड समजतो. नत्थुजी इथं कधी चपला घेऊन आला नाही. पोलीसही बूट बाभळीखाली काढतात. मग त्याच्या चपला दगडाला चिकटून कशा? त्यानं नाही ठेवल्या. त्या बाभळीखालून उचलून कोणीतरी इथं आणल्या. तो बुडाला असं वाटावं म्हणून."

"पुष्करनं आणल्या असतील," सर म्हणाले.

"तो आत्ताच सगळ्यांसमोर बूट काढून आला. आणि पेटीतली चौथी बाटली? माझ्या पेटीत तीन बाटल्या आणि एक कोरी होती. कोरी तेवढी गेली. चोरणाऱ्याला कोरी म्हणजे काय हे माहीत पाहिजे. पुष्करला चारही सारख्याच. तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, तिन्ही बाटल्या आणा. तीनच उरल्यात हे मी तोवर कोणाला बोललेच नव्हते."

"नमुने तीनच असतात. कोरी बंद झाली, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"बंद झाली होती, तर साठवणीतल्या कोऱ्या बाटल्या परवा दुपारी कोणी पुसून नेल्या?"

पलीकडे बांबूवाले थांबले.

"शिसं नदीत नाही," सिंधू गावाकडे वळली. "शिसं इथं आहे." तिनं दगडावरून बोट फिरवलं आणि नारिंगी बोट वर धरलं. "हा जुन्या पद्धतीचा शेंदूर. शिशापासून होतो. नत्थुजी आधी देवाला दोन बोटं लावायचा, मग त्याच बोटांनी बाटल्यांची झाकणं उघडायचा. इतकंसं लागलं तरी यंत्र ओरडतं. नवस दोन वर्षांचा, आणि शिशाची रेघ चढली ती बावीस महिन्यांपूर्वी. मीही दोन वर्षं गंज समजून घासत राहिले. मी अडाणी. पण सरांना कोऱ्या बाटलीनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ही मैथिलीची वही. दहा महिन्यांचे आकडे."

मैथिलीनं वही तायडेंच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं न सरकता तिथंच उभी राहिली.

"म्हणून पुष्करच्या शेडचं पाणी सरांनी कधी तपासलं नाही. ते स्वच्छ निघालं असतं तर?"

पुष्कर मटकन खाली बसला. वर सडकेवर डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"काहून केलं सर?" सरपंचांनी विचारलं. "आमची लेकरं..."

सर पाण्याकडे बघत होते. ते एकाएकी म्हातारे दिसले. "सतरा वर्षं," ते म्हणाले. "सतरा वर्षं काही सापडलं नाही. प्रकल्प बंद करायचं पत्र आलं होतं. काही सापडतच नाही तर मोजता कशाला, म्हणाले. आणि त्याच महिन्यात रेघ चढली. मला वाटलं, दोन-तीन महिने. मग सांगेन. मग टँकर आला, वर्तमानपत्रं आली... मग कसं सांगणार?"

"काही सापडत नाही, हेच तर गावाला हवं होतं सर," सिंधू म्हणाली.

"नत्थुजी कुठं आहे?" तायडेंनी विचारलं.

सरांनी पेन खिशात घातलं.

उत्तर वरून आलं. जीपचा आवाज, धूळ. मैनाबाई आधी उठली, मग ओळखलं. शिपायाबरोबर नत्थुजी उतरला, काखेत खंजिरी, पायात कोऱ्या करकरीत चपला. तो उतार उतरायला लागला, बाभळीपाशी थांबला, नव्या चपला काढून जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी खाली आला.

मैनाबाईनं त्याच्या दंडावर चापट मारली. मग दुसरी. मग त्याचा सदरा मुठीत धरून ती रडली, दोन दिवसांचं सगळं.

"मले सर म्हणे, तुह्या बोटानं गावाले शिसं लागलं," नत्थुजी खाली मान घालून म्हणाला. "मले सोमवारपासूनच वाटून राह्यलं होतं, शेड चार किलोमीटर वरती, मंग मधातल्या गावाईले काहून काही होत नाही? सरले इचारावं म्हटलं. मंगयवारी सकायी थेच आले गाडी घेऊन. लोक मारतीन तुले, म्हणे. काही दिवस मोझरीले राह्य, मैनाबाईले मी सांगतो. म्या म्हटलं घरून खंजिरी घेतो, मैनाबाई वावरात होती. चपला राह्यल्या म्हटलं, तं म्हणे, नव्या घेऊन देतो." त्यानं सरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती बघवत नव्हती. "एकोणीस वर्षं तुमी सांगतलं थेच केलं न सर. हात धू, असं एकडाव म्हटलं असतं तं धुतले असते."

सरांनी तोंड फिरवलं. तायडेंनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि दोघं उतार चढून गेले. बाभळीपाशी तायडे बूट घालायला थांबले. सरांना थांबायचं कारण नव्हतं.

*

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी सिंधू स्वतः पेटी घेऊन आली. प्रकल्पाचं काय होणार कोणालाच माहीत नव्हतं. पण महिना आला होता आणि बाटल्या धुतलेल्या होत्या. पथकानं डिसेंबरात भरून नेलेल्या पाण्यात शिसं जवळजवळ नव्हतंच. विहिरीचं कुलूप निघालं होतं.

नत्थुजीनं बाभळीखाली चप्पल काढली. सिंधूनं दिलेले पातळ हातमोजे घातले आणि तान्ह्या बाळाला धरावं तसे हात पुढं धरून चालला. तीन बाटल्या भरल्या. कोरी उघडली, लावली. पेटी बंद केली. मग मोजे काढले, आणि डबी उघडली.

"आता आधी पानी, मंग देव," तो तिनोबाला म्हणाला. "राग मानू नोको."

घरी मैनाबाईनं काही न विचारता दोन कप ठेवले. विहिरीच्या पाण्याचा चहा. सिंधूनं कप उचलला, आकांक्षा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि तिनं एक मोठा घोट घेतला.

चहा खारटच होता.